खिडकीवर भाजी ठेवू नये

३ जानेवारी, शुक्रवार

खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी. मंजुळा म्हणाली, "दिवसभर माह्या कानापाशी भांडू नका, त्याच्यात लिहा." म्हणून लिहायला बसलो. भांडण रेल्वेशी आहे, बायकोशी नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

आज सकाळच्या पॅसेंजरने पाकीट आलं. पळसखुटा हॉल्टवर प्रवाशांची चढउतार 'नगण्य' असल्याने इथला थांबा एक एप्रिलपासून बंद करण्याचा विचार आहे म्हणे. नगण्य! तो शब्द मी चार वेळा वाचला. एकतीस वर्षं या हॉल्टची तिकीट-खिडकी मी चालवतो आहे. मी रेल्वेचा नोकर नाही, कमिशनवर नेमलेला एजंट. मोठ्या स्टेशनावरून सायकलवर तिकिटं आणायची, इथे विकायची, उतरणाऱ्यांची गोळा करायची. इथे स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही, हमाल नाही, नळसुद्धा नाही. एक फलाट, एक खोली, एक कडुनिंब आणि मी. सकाळी सात चाळीसला शेगाव-अकोल्याकडे जाणारी गाडी, संध्याकाळी पावणेसहाला परतीची. मिनिटभर थांबते. त्या मिनिटात साठ माणसं टोपल्यांसकट चढतात, ती यांना दिसत नाहीत.

रागाने जेवण जात नव्हतं. पण भाजीवाल्या सिंधूताईच्या मळ्यातली वांगी होती, म्हणून दोन भाकरी खाल्ल्या.

६ जानेवारी, सोमवार

स्वतः फलाटावर उभा राहून मोजले. सकाळी चौसष्ट चढले. लहान मुलं धरली नाहीत. वर अर्ज लिहिला, त्यात चौसष्ट हा आकडा अक्षरीही लिहिला, म्हणजे कोणी खाडाखोड करणार नाही.

गाडी गेल्यावर खिडकीच्या फळीवर नेहमीप्रमाणे मेथीची जुडी, दोन मुळे, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वालाच्या शेंगा. भाजीवाल्या बाया गाडीत चढण्याआधी ठेवून जातात. न सांगता, न मागता. लोकांचा जीव आहे माझ्यावर. रेल्वेच्या कुठल्या साहेबाला मिळतं असं?

मंजुळा म्हणाली, "थांबा बंद व्हाच्या आंधी एकदा शेगावले जाऊन येऊ." म्हटलं, खिडकी कोण सांभाळील? आणि थांबा बंद होणार हे तिने धरूनच चालावं याचा मला राग आला.

१२ जानेवारी, रविवार

अर्जाला उत्तर नाही. दुसरा अर्ज लिहिला, त्यात हॉल्टचा इतिहास घातला. वरच्यांना तो माहीत नसणार.

बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर आमच्या गावाने हा फलाट बांधला. मुरूम टेकडीवरून, घमेल्याने, डोक्यावर. माझी आई त्या रांगेत होती. सिंधूताई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, तीही होती. मी अकरा वर्षांचा, पाणी द्यायला. दोन वर्षांनी पहिली गाडी थांबली तेव्हा मोठ्या स्टेशनाचे मास्तर आले होते. ते खूश होऊन म्हणाले, फलाट तुम्हीच बांधला, आज तुम्हाला तिकीट नाही. गाव त्या दिवशी शेगावला जाऊन आलं.

तो 'आज' पुढे आम्ही संपवला नाही. मीही संपवला नाही. ज्यांनी मुरूम वाहिला त्यांना मी खिडकीतून तिकीट विचारू? हात दाखवतो, बसा म्हणतो. तिकीट काढतो तो एखादा परगावचा पाहुणा किंवा बदली होऊन आलेला शिक्षक.

हे शेवटचं अर्जात लिहिलं नाही. त्यांना विनाकारण गोंधळ व्हायचा.

१७ जानेवारी, शुक्रवार

तपासणीला बाई आल्या. प्रतीक्षा नाव, वय तिशीच्या आतलं, पायात बूट. सकाळच्या गाडीआधीच मोटारीने येऊन कडुनिंबाखाली उभ्या होत्या. गाडी गेली तशा खिडकीशी आल्या.

"काका, इथली सरासरी रोज तीन तिकिटं आहे."

"तीन? मॅडम, आताच साठ जन चढले, तुमच्या डोयासमोर!"

"हो, एकसष्ट. आणि तुम्ही तिकिटं विकलीत दोन. तीही मी मोजली."

मी त्यांना सगळा इतिहास सांगितला. दुष्काळ, मुरूम, माझी आई. त्यांनी ऐकून घेतला. मग फळीकडे बघून म्हणाल्या, "ही भाजी कोणाची?"

"माही. म्हंजे लोकायची. ठेवतात प्रेमानं."

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मी एक मेथीची जुडी पुढे केली, त्यांनी नको म्हटलं. शहरातल्या मुलींना भाजी निवडायचा कंटाळा असतो.

जाताना सांगून गेल्या ते असं. आजपासून एकतीस मार्चपर्यंत रोजची सरासरी पंचवीस तिकिटं दिसली पाहिजेत. दिसली तर थांबा राहील, नाहीतर एप्रिलमध्ये आदेश निघेल. "गाडीत कोण चढतं ते कागदाला दिसत नाही, काका. तिकीट दिसतं."

कागदाला डोळे नाहीत हे मला एकतीस वर्षांनी या पोरीने सांगावं!

१८ जानेवारी, शनिवार

देवळाच्या भोंग्यावरून मी स्वतः पुकारलं. उद्यापासून तिकीट काढल्याशिवाय कोणी गाडीत बसायचं नाही. थांबा वाचवायचा आहे. हुकमावरून, उकंडराव, एजंट.

मला वाटलं, टाळ्या पडतील.

२० जानेवारी, सोमवार

काल एक तिकीट. आज दोन. फलाट ओस. गावातला जीवन आपला ऑटो घेऊन थेट फाट्यावरून फलाटाच्या पायऱ्यांशी आला आणि माझ्या डोळ्यांदेखत नऊ बाया, नऊ टोपल्या भरून घेऊन गेला. तिकिटापेक्षा तिप्पट भाडं देतील पण माझ्या खिडकीशी येणार नाहीत. मी विचारलं तर सिंधूताई ऑटोतूनच ओरडली, "फलाट आमचा हाय. तुह्या बापाचा नाई."

माझ्या आईचा आहे, असं मी ओरडून सांगेपर्यंत ऑटो गेला.

२४ जानेवारी, शुक्रवार

पाच दिवस झाले, मंजुळा रोज नुसतं वरण करते. आज न राहवून विचारलं, भाजीचा एवढा कंटाळा का आला तुला?

ती म्हणाली, "भाजी कोठून आनू?"

म्हणजे काय, कोठून? घरात असते ना. पण घरात खरंच नव्हती. उद्या बाजारातून मीच घेऊन येतो म्हटलं. तिने पिशवी काढून दाराशी अडकवून ठेवली. वर्षानुवर्षं जपलेली दिसते, पण घडी मोडलेली नव्हती.

२५ जानेवारी, शनिवार

आजचं लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

आठवडी बाजारात गेलो. सिंधूताई ओळीत पहिलीच बसली होती, शेजारी तिची नात डिंपल. मी चार चांगली वांगी निवडली, पिशवीत घातली आणि चालू लागलो. देवाशपथ, मनात काही नव्हतं. हाताला सवय तशी.

"ओ एजंट!" अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ती म्हणाली. "पैसे?"

मी म्हटलं, "पैसे?"

"हाव, पैसे. गाडीले तिकीट लागते तं वांग्याले नाई लागत का?"

लोक हसले. माझा पारा चढला. म्हटलं, "सिंधू, तिकीट मी माह्यासाठी मागून राह्यलो का? थांबा जाईन! तुमी फुकट बसता म्हनून कागदावर गाव मेलं हाय!"

ती उठून उभी राहिली. हसणं थांबलं.

"फुकट? कोन फुकट बसलं रे उकंडा? एकतीस वर्सं झाली, रोज सकाळी तुह्या फळीवर भाजी ठेवतो आमी. माही सासू ठेवे, मंग मी. पाऊस असो, ताप असो. तुह्या घरात कधी इकतची भाजी शिजली? आमी तिकीट रोज देलं. तुले देलं. तू पुढं पोचवलं नाई."

वांगी परत ठेवली आणि घरी आलो. बाई काहीही बोलते. भाजी वेगळी, तिकीट वेगळं. कोणालाही विचारा.

मंजुळेला विचारलं. ती म्हणाली, "मले काऊन इचारता? मी तं त्या गाडीत बसलोच नाई कधी."

२६ जानेवारी, रविवार

रात्रभर झोप नाही. सकाळी रंगाचा जुना डबा शोधला, खिडकीवरच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: खिडकीवर भाजी ठेवू नये. खाली: हुकमावरून. हुकूम माझाच.

मग सिंधूताईच्या मळ्यात गेलो. ती मेथी उपटत होती, वर बघितलं नाही. मी बांधावर उभा राहून म्हटलं, वांगी दे, पैसे आणलेत. तिने भाव सांगितला. मला वाटलं जास्त सांगते आहे, पण भाव किती असतो हे मला कुठे ठाऊक होतं? मुकाट्याने दिले. पैसे कनवटीला लावून ती म्हणाली, "आता उद्या येतो मी तुह्या खिडकीवर. तू भाजी इकत घे, मी तिकीट इकत घेतो. एकडाव तू चुकला तं मी बी चुकीन."

वांगी कडक निघाली. पण खाल्ली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज एकोणीस. सिंधूताई रांगेत पहिली, तिच्यामागे सगळ्या. प्रत्येक बाई तिकीट उलटसुलट करून बघते, जणू मी खोटं देतो आहे. शिक्क्याची तारीख नीट उमटली नाही म्हणून एकीने बदलून मागितलं.

पुरुष अजून ऐकत नाहीत. एकाने छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्या आज्यानं बांधला हा फलाट." म्हटलं, "माह्या मायनं बी. मंग पाडून टाकू का? गाडीच थांबली नाई तं फलाटावर काय ज्वारी वाळवतो?" त्याने तिकीट काढलं. शिव्या दिल्या, पण काढलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाजाराच्या दिवशी सदतीस, एरवी वीस-बावीस. जीवन ऑटोवाला आला, म्हणाला माझ्या पोटावर पाय दिला. त्याला म्हटलं, संध्याकाळी फलाटावरून गावात सोडत जा, बायांचे गुडघे दुखतात. आता तो पावणेसहाला उभा असतो.

मंजुळेने पुन्हा शेगावचा विषय काढला. म्हटलं, आत्ता? लढाईच्या मध्यात? खिडकी कोण सांभाळील? तिने निवडायला घेतलेली पालकाची जुडी आज मी घासाघीस करून आणली होती. भाव मला आता तोंडपाठ आहेत.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला, आज हिशोबाचा दिवस. प्रतीक्षा मॅडम सकाळीच आल्या. आज चव्वेचाळीस तिकिटं गेली. मी छाती काढून उभा होतो.

त्यांनी खोलीत बसून सगळे दिवस मिळवले. दोनदा केलं. मग म्हणाल्या, "बावीस येतं, काका. पंचवीस हवे होते."

"पुन्हा करा."

"दोनदा केलं. जानेवारीचे ते पहिले दिवस खाली ओढतात."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "त्या दिवसायचा दोष गावाचा नाई, मॅडम, माहा हाय. त्या दिवसायचाच काऊन, एकतीस वर्सांचा हाय. लोक चढत होते. मी तिकीट मागत नव्हतो. भाजी घेत होतो आन हात दाखवत होतो. लिहा तुमच्या वहीत!"

हे मी बोललो ते माझ्याच कानांना नवीन होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे लेखी दिलंत तर मी सोबत जोडू शकते. आकडे कमी का होते ते त्यावरून कळेल. पण मग तुमचा करार राहील असं मला वाटत नाही."

खिडकीबाहेर सिंधूताई आणि दहा-बारा बाया उभ्या होत्या. एरवी त्या संध्याकाळच्या गाडीनेच परततात, पण आज गेल्याच नव्हत्या. तिकीट काढून, गाडी सोडून, निकाल ऐकायला थांबल्या होत्या. चांगली बाजाराची वेळ घालवली मूर्खांनी.

मी कागद मागितला. लिहून दिलं, सही केली, खाली तारखेचा शिक्का मारला. शिक्क्याची गरज नव्हती, पण तो माझ्या हातात होता तोवर मारून घेतला. मॅडम जाताना पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घेतले. लाच घेणाऱ्याच्या कोण पाया पडतं?

९ एप्रिल, बुधवार

पत्र आलं. पळसखुटा हॉल्टवरील थांबा आणखी सहा महिने 'निरीक्षणाखाली' सुरू राहील. त्याच पत्रात दुसरा परिच्छेद: विद्यमान एजंटाचा करार तीस एप्रिलला संपुष्टात येत असून नवीन अर्ज मागवण्यात येत आहेत.

गावात फटाके फोडले. निरीक्षणाखाली म्हणे. करा निरीक्षण! सहा महिने काय, सहा वर्षं करा. रोज चाळीस जण तुमच्या तोंडावर तिकीट काढतील.

दुसरा परिच्छेद मी कोणाला वाचून दाखवला नाही. सिंधूताईने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि डिंपलकडून वाचून घेतलं. त्यानंतर फटाके थांबले. मीच ओरडलो, उरलेले कोण फोडेल, ते काय पुढच्या दिवाळीला ठेवणार आहात?

३० एप्रिल, बुधवार

डिंपलचा अर्ज मंजूर झाला. बारावी झालेली आहे, हिशोबाला पक्की आहे, आणि आजीसारखी तोंडाळ. किल्ली, पेटी, शिक्का दिला. शिक्का कसा जरा डावीकडे दाबून मारायचा ते दाखवलं. पत्र्यावरचं ते वाक्य पुसू का, असं तिने विचारलं. खबरदार, म्हटलं.

घरी येऊन बसलो. उद्या सकाळी सात वाजता कुठे जायचं हे कळेना.

मंजुळेने ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून दोरीवर टाकलं होतं. "कोनाचं लग्न हाय?" मी विचारलं.

"आता खिडकी कोन सांभाळते?"

"डिंपल."

"मंग उद्या शेगावले चाला," ती म्हणाली. "एकतीस वर्सं रोज गाडीचा आवाज ऐकतो मी. कोनी इचारलं तं काय सांगू, कुठी जाते ते?"

तिने कितीदा विचारलं होतं ते या डायरीतच मागे बघितलं. दोनदाच लिहिलं आहे. पण डायरी तर जानेवारीत सुरू झाली.

१ मे, गुरुवार

सकाळी सवयीने मी खिडकीसमोरून सरळ फलाटावर निघालो. आतून आवाज आला, "आबाजी! तिकीट."

मागे सगळी रांग उभी. माझ्या कानशिलाला आग लागली. त्या पोरीला काल मी शिक्का धरायला शिकवला! पण मनातून असं बरं वाटलं की काय सांगू. मी खिशात हात घालेपर्यंत मंजुळा पुढे झाली, पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, "दोन दे. जाऊन येऊन."

गाडी आली. मंजुळा पायरीवर पाय ठेवताना थबकली, सिंधूताईने खालून हात दिला. खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली आणि मी एकतीस वर्षांत प्रथमच माझा हॉल्ट मागे जाताना पाहिला. मी तिथे नव्हतो, तरी तो होता. फलाट, खोली, कडुनिंब, पत्र्यावरची माझी वाकडी अक्षरं. मंजुळा तिकडे बघत नव्हती. तिला पुढचं बघायचं होतं. नदीचा पूल आला तेव्हा तिने माझं मनगट धरलं ते शेगाव येईपर्यंत सोडलं नाही.

दर्शन झालं, कचोरी खाल्ली, तिने बांगड्या भरल्या. पावणेसहाला परत उतरलो. डिंपल फलाटाच्या पायऱ्यांशी तिकिटं गोळा करत उभी होती. मी माझं दिलं. मंजुळेने मूठ मिटली.

"आजी, तिकीट द्या लागते. नियम हाय."

"नाई देत."

"आबाजी, सांगा ना हिले. एक कमी पडन. वरून इचारतीन मले."

एकतीस वर्षांत मी एकाही माणसाला नियम सांगितला नव्हता, आणि गेल्या तीन महिन्यांत दुसरं काही केलं नव्हतं. सगळे थांबून माझ्याकडे बघत होते. सिंधूताई तर कमरेवर हात ठेवूनच.

मी डिंपलला म्हटलं, "एक कमी, असं लिही. कोनी इचारलं तं सांग, उकंडरावच्या बायकोनं देलं नाई. आन तिच्याकडून घ्याची कोनाची हिंमत असन, तं त्यानं सात चाळीसच्या गाडीनं यावं. गाडी इथं थांबते."